लेकीला जर्मन मराठीतून शिकू द्या

जर्मनीतल्या स्टुटगार्टहून एका आईचं पत्र आलं आहे. लेक नाशिकला गंगापूर रोडवर आजी-आजोबांकडे राहते, बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे, आणि हौसेने जर्मन घेतलं आहे. तीन महिन्यांत ती रडकुंडीला आली. "देअर, डी, डास डोक्यात राहतच नाही," म्हणते, म्हणजे जर्मन नामाआधी लागणारे तो-ती-ते. बाबा म्हणतात, पुढे एमएस इंग्रजीतूनच करायचं, मग हा खटाटोप कशाला? आईचा प्रश्न एवढाच: सोडू द्यावं का?

ताई, सोडू देऊ नका. ती ज्या वाटेने शिकते आहे ती वाट मात्र बदला.

मीही नाशिकच्याच कॉलेजात जर्मन शिकले आणि पहिलं वर्ष असंच घालवलं. वर्गात सगळं इंग्रजीतून चालायचं. इंग्रजीत वस्तूंना लिंग नसतं, त्यामुळे प्रत्येक शब्दाचं लिंग म्हणजे नवा जाच वाटायचा. आणि घरी मी जन्मापासून तो चमचा, ती सुरी, ते ताट म्हणत होते! दुसऱ्या वर्षी बाईंनी वहीत तीन रकाने आखायला लावले: तो, ती, ते. 'ते'च्या रकान्यात पहिल्याच दिवशी चार शब्द बसले. डास बूख, ते पुस्तक. डास हाउस, ते घर. डास वासर, ते पाणी. डास किंट, ते मूल. सगळीकडे असं जमत नाही. सूर्य त्यांच्याकडे 'ती' आहे, म्हणून शब्द नेहमी देअर-डी-डाससकटच पाठ करायचा. पण लिंग बदललं की विशेषणाचं शेपूट बदलतं, हे मराठी मुलीला वेगळं शिकवावं लागत नाही. चांगला माणूस, चांगली बाई, चांगलं मूल. गूटर मान, गूटे फ्राउ, गूटेस किंट. लेकीला ही जोडी मोठ्याने म्हणायला सांगा, पाठ करायला नको.

याहून मोठी गोष्ट विभक्तीची. इंग्रजीतून विचार करणारी मुलं थंडी वाजली की 'इश बिन काल्ट' लिहितात, आणि त्याचा अर्थ होतो, मी थंड स्वभावाची आहे. जर्मन माणूस म्हणतो 'मीर इस्ट काल्ट'. यातलं 'मीर' म्हणजे आपलं 'मला'. डिसेंबरात निफाडकडून गारठा आला की आजी म्हणते ना, "मला थंडी वाजते"? तीच बांधणी. 'डास गेफेल्ट मीर' म्हणजे 'ते मला आवडतं', आणि 'मला मदत कर' मधला 'मला'सुद्धा तिथे 'मीर'च. या 'मला'च्या विभक्तीला जर्मनमध्ये डेटिव्ह म्हणतात. सगळे डेटिव्ह असे सुटत नाहीत, पण पहिली भीती इथेच मोडते. 'कारण' म्हणजे 'वाइल' आलं की क्रियापद वाक्याच्या शेवटी जातं, यावर इंग्रजी माध्यमाची मुलं आठवडे घालवतात. आपलं क्रियापद एरवीही शेवटीच असतं. एकवीस म्हणजे आधी एक, मग वीस. त्यांचंही आइन-उंट-त्स्वान्त्सिश, एक-आणि-वीस. आणि 'त्साइट', म्हणजे वेळ, यातला पहिला उच्चार तर 'चमचा'मधला च. तो आपल्या तोंडात आधीपासूनच आहे.

बाबांनाही दोन शब्द. एमएस इंग्रजीतून होईल, हे खरं. पण तुमच्या टपालपेटीत येणारी विम्याची पत्रं, घरभाड्याचा करार, दवाखान्यातला फॉर्म, हे सगळं कोणत्या भाषेत असतं, ते त्यांना रोज दिसतंच. शिवाय नाशिककराला जर्मन काही परकं नाही. सातपूरच्या कारखान्याला अजूनही आपण मायको म्हणतो, ती बॉशच. रॉबर्ट बॉश यांनी १८८६ साली पहिली कार्यशाळा काढली ती तुमच्याच स्टुटगार्टात.

आता तुमचं काम. तुमच्याकडे असं काही आहे जे तिच्या कॉलेजात कुणाकडेच नाही: तुमचा जिना. तुमच्या भागात केअरवोखेची पाटी दारावर लागते ना, ज्याची पाळी त्याने त्या आठवड्यात जिना आणि अंगण झाडायचं? 'केअरेन' म्हणजे झाडणे. आपला 'केर' आठवला की शब्द पक्का होतो. त्या पाटीचा फोटो पाठवा. जुन्या नाशकातल्या वाड्यात जिना धुवायच्या पाळ्या कशा लागायच्या, हे ती आजीला विचारेल, आणि त्यावर जर्मनमध्ये चार वाक्यं लिहील. बाटली परत दिल्यावर मशीनमधून येणारी पावती पाठवा, एकदाच वापरायच्या बाटलीमागे २५ सेंट परत मिळतात ती. कचऱ्याच्या तारखांचं कॅलेंडर, रात्री दहानंतर शांतता पाळा सांगणारी सूचना, काहीही चालेल. संस्कृतीचा धडा पुस्तकात फार तर दोन पानांचा असतो. तुमच्या जिन्यात तो रोज बदलतो.

'झी' आणि 'डू' हाही असाच घरचा धडा. आईला 'ए आई' म्हणतो आणि सरांना 'तुम्ही', तसंच तिथे आईला डू आणि प्राध्यापकांना झी. अट एकच: अनोळखी मोठ्या माणसाशी झीवरच सुरुवात करायची, आणि डूवर यायचं ते त्यांनी म्हटल्यावर.

कॉलेजच्या परीक्षेत लेखनावर भर असतो आणि बोलणं मागे पडतं, हे मी सोसलं आहे. म्हणून पदवी होईपर्यंत बी१, म्हणजे रोजच्या व्यवहारात स्वतःचं स्वतः बोलता येईल ती पातळी, गाठायची असं तिच्याशी ठरवा. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात ती परीक्षा देता येते. वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण हे चार भाग वेगवेगळे देता येतात आणि प्रत्येकात १०० पैकी ६० लागतात. ज्या भागाची धास्ती आहे तो मागाहून दिला तरी चालतो.

संभाषणाची तयारी रविवारी करा. तुमच्याकडे दुकानं बंद असतात, सगळे घरी असतात. हिवाळ्यात तुमचे सकाळचे अकरा म्हणजे तिचे दुपारचे साडेतीन. फोनवर पहिली दहा मिनिटं फक्त जर्मन, चुका न काढता. विषय तिने निवडायचा. या रविवारी पाटीचा फोटो आधी पाठवा, म्हणजे आजीला विचारायला तिला वेळ मिळेल.