सायकल जरूर आण, माळव्याची माती तिथेच ठेव

इंदूरच्या सुदामा नगरातून एका मुलीचं पत्र आलं आहे. नवऱ्याला ऑकलंडला नोकरी लागली आहे, मुलगा पाच वर्षांचा, सासूबाईही सोबत येणार. रविवारी पहाटे घर झोपेत असताना ही मुलगी माउंटन बाईक काढते आणि चोरल नाहीतर जानापावच्या वाटेला लागते. पत्रात प्रश्न चार आहेत. मी पहिल्या प्रश्नाशी जास्त वेळ थांबणार आहे, कारण खरी घालमेल तिथेच दिसते.

‘सासूबाई म्हणतात, सायकलच्या खोक्याच्या वजनात वर्षभराचा मसाला आणि शेव बसेल. मला सायकलशिवाय जाववत नाही. मी स्वार्थी आहे का?’

नाहीस गं. मसाला इथे न्यूझीलंडमध्ये मिळतो, शेवही मिळते. माझ्या जाऊबाईंनी १९९८ मध्ये वजनापायी हार्मोनियम मागे ठेवली आणि त्या जागी दोन कुकर आणले. त्यानंतर अकरा वर्षं त्यांनी पेटीला हात लावला नाही. इथला पहिला हिवाळा जूनमध्ये येतो. पाच वाजता अंधार पडतो, पाऊस थांबत नाही, ओळखीचं माणूस नसतं. अशा वेळी आपलं म्हणावं असं काहीतरी हाताशी लागतं. सासूबाईंना हे प्रेमाने सांग, पण सांग.

आता तुझी थोडी कानउघाडणी. तू लिहितेस, ‘निघायच्या आदल्या दिवशी पाइप मारून धुऊन टाकीन.’ हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. आदल्या दिवशी नाही, पंधरा दिवस आधीपासून!

न्यूझीलंडमध्ये बाहेरची माती येऊ देत नाहीत, चिमूटभरसुद्धा नाही. मातीतून बिया, बुरशी, किड्यांची अंडी येतात. इथल्या उत्तरेकडच्या रानात कौरी नावाचे प्रचंड वृक्ष आहेत. त्यांची मुळं कुजवणारा रोग बुटांना आणि टायरला चिकटलेल्या मातीतूनही पसरतो. त्यापायी ऑकलंडजवळच्या वाइटाकेरेच्या डोंगरातल्या कित्येक वाटा २०१८ मध्ये बंद केल्या. जिथे जाता येतं तिथे वाटेच्या तोंडाशी ब्रश आणि जंतुनाशक ठेवलेलं असतं, बूट घासूनच आत जायचं.

आमच्या घरात हे धडा मिळाल्यावर कळलं. यजमानांचे ट्रेकिंगचे बूट मी स्वतः पुसून बॅगेत भरले होते. विमानतळावरच्या बाईंनी ते उलटे करून तळव्याच्या खाचेत सळई फिरवली आणि टेबलावर काळ्या मातीचा वाटाण्याएवढा खडा पडला. इंदूरजवळच्या पातालपाणीच्या उतरणीवरचा चिखल, चार महिन्यांपूर्वीचा! फॉर्मवर बूट लिहिले होते म्हणून धुऊन परत मिळाले. लिहिले नसते तर दंड होता. आज तो 400 डॉलर आहे, तोही जागच्या जागी.

तेव्हा सायकल अशी धू. चाकं काढ, टायर रिमवरून उतरव. आपली काळी माती टायरच्या गाठींमध्ये वाळली की सिमेंटसारखी बसते. रात्रभर ओलं फडकं गुंडाळून ठेव आणि सकाळी जुन्या टूथब्रशने, दाभणाने एकेक खाच कोर. पेडलच्या खालची बाजू, फ्रेमचा तळ, सीटच्या खालचा कोपरा बघ. पाण्याचा जोरदार फवारा बेअरिंगवर मारू नकोस, आत पाणी शिरतं. बूट, गुडघ्याची पॅडं, पाठीवरची बॅग विसरू नकोस. पावसाळ्यानंतरच्या गवताची कुसळं बुटाच्या नाडीत आणि बॅगेच्या चेनच्या शिवणीत अडकून बसतात, ती चिमट्याने उपट. मग दोन दिवस उन्हात सगळं कडकडीत वाळू दे. एवढं करूनही ‘न्यूझीलंड ट्रॅव्हलर डिक्लेरेशन’मध्ये वापरलेली सायकल आणते आहे असं स्पष्ट लिही. लिहिणाऱ्याला कुणी ओरडत नाही.

खोका सायकलच्या दुकानात मागितला की मिळतो. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, जोर लावण्याआधी हे आठव. चाक काढल्यावर ब्रेकचा लिव्हर दाबू नकोस, पॅड आतल्या आत मिटतात. दोन पॅडमध्ये पुठ्ठ्याची घडी घाल. मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, ज्या छोट्या पट्टीवर बसतो ती तुझ्याच फ्रेमची एक जास्तीची आण, इथे तीच मिळेल याचा भरवसा नाही. आणि इंदूर ते दिल्लीचं तिकीट वेगळं काढू नकोस. वेगळं काढलंस तर देशांतर्गत विमानात सहसा 15 किलोच सामान नेता येतं, तुझी सायकल खोक्यासकट त्याहून जड भरेल. माझा भाचा याच कारणाने अवंतिका एक्सप्रेसने मुंबईपर्यंत खोका घेऊन गेला आणि तिथून विमानात चढला.

बाकीचे प्रश्न. मुलाचं मराठी घरात बोललात तर टिकेल, पाचव्या वर्षी त्याची एवढी काळजी नको. सासूबाईंची औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणा. मध अजिबात नको. मसाला, शेव जे आणाल ते सगळं फॉर्मवर लिहा. घर आधी महिनाभरासाठी घ्या, मग शोधा.

हेल्मेट मात्र आणच. इथे 1994 पासून ते सक्तीचं आहे आणि रानातल्या वाटेपर्यंत रस्त्यानेच जावं लागतं. रोटोरुआला रेडवुडच्या जंगलात सायकलींच्या वाटा आहेत, तिथे माझी भाची तुला नेईल, तिला मी सांगून ठेवलं आहे.

खोका चिकटपट्टीने बंद करण्याआधी टायरच्या आतल्या बाजूने एकदा कोरडं बोट फिरव. बोट काळं झालं तर पुन्हा धुवायला घे.