गाण्यांनंतर सिनेमा करायचाय, त्या दिग्दर्शकाला

प्रिय दिग्दर्शका,

अनेक आशीर्वाद.

चार-पाच म्युझिक व्हिडिओ केल्यावर फिल्मकडे जाता येतं का, असं विचारलंस. येतं. डेव्हिड फिंचर, स्पाइक जोन्झ, मिशेल गाँद्री, जोनाथन ग्लेझर हे सगळे त्याच वाटेने आले. पण गाणं दिग्दर्शकाचं निम्मं काम आधीच करून ठेवतं. लांबी ठरलेली, लय ठरलेली, भाव कुठे चढायचा तेही ठरलेलं. बेताचा शॉटसुद्धा ठेक्यावर कापला की खपून जातो. सिनेमात हा आधार नसतो, आणि गाणी करून करून ती उणीव भरत नाही. तिचा अभ्यास वेगळा करावा लागतो.

तरी आधी गाण्याचं काम चोख हवं, कारण पुढचं काम त्यावरूनच मिळणार. फायनल मिक्स, म्हणजे गाण्याचं पक्कं ध्वनिमिश्रण, हातात आल्याशिवाय शूटिंगची तारीख धरू नकोस. मधल्या म्युझिक पीसचे चार बार (तालाची आवर्तनं) वाढले तर तेवढं फुटेज तुझ्याकडे नसतं. टेम्पो बदलला तर लिपसिंक, म्हणजे गाण्याशी ओठ जुळणं, गेलंच. फाइल डब्ल्यूएव्ही हवी, 48 किलोहर्ट्‌झची. चॅटवर आलेली एमपी3 प्लेबॅकला, म्हणजे सेटवर गाणं वाजवायला, लावू नये, तिच्या सुरुवातीला किंचित शांतता चिकटलेली असते आणि संकलनात मूळ फाइलशी ती जुळत नाही.

कॅमेरा आणि एडिटिंगचा प्रोजेक्ट एकाच फ्रेम रेटवर (सेकंदाला किती फ्रेम) आहेत ना, हे स्वतः बघ. कॅमेरा 23.976 वर आणि प्रोजेक्ट 24 वर असला, आणि फुटेज फ्रेमला फ्रेम बसवलं, तर साडेतीन मिनिटांच्या गाण्यात शेवटापर्यंत सुमारे 5 फ्रेमचा फरक पडतो. ओठ चुकलेले सगळ्यांना दिसतात, का चुकले ते कोणाला कळत नाही. स्पीकर गायकाच्या जवळ ठेव आणि वायरनेच जोड. आवाजाला 14 मीटर जायला जवळपास एक फ्रेम लागते. ब्लूटूथचा उशीर त्याहून बराच जास्त, आणि दर सेटअपला, म्हणजे कॅमेरा आणि लाइट नव्याने लावले की, वेगळा. गाण्याआधी तीन बीप टाक, प्लेबॅकचा आवाज कॅमेऱ्यावरही रेकॉर्ड होऊ दे, संकलनात जुळवायला त्याच खुणा लागतात.

स्लो मोशनमध्ये ओठ जुळवायचे असतील तर 48 फ्रेमला शूट करून गाणं दुप्पट वेगाने वाजवावं लागतं. जलद शब्दांच्या कडव्यात हे कोणालाच जमत नाही. तिथे 36 फ्रेम आणि दीडपट वेग घे, आणि त्या फाइली गायकाला आधी सरावाला दे. वीजपुरवठा 50 हर्ट्‌झचा असेल तर 24 फ्रेमला शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला किती वेळ प्रकाश मिळतो ते ठरवणारा कोन, 172.8 अंशांवर आण. 180 वर काही दिवे फडफडतात, आणि ते छोट्या मॉनिटरवर हमखास नजरेतून सुटतं.

आता हिशेब. साडेतीन मिनिटं म्हणजे 210 सेकंद. सरासरी शॉट अडीच सेकंदांचा धरला तर 84 शॉट. बारा तासांच्या शिफ्टमध्ये लाइट बदलून नीट केलेले पंधरा-वीस सेटअप होतात, आणि लोकेशन बदललं की त्यातले दीड-दोन तास नुसते सामान हलवण्यात जातात. म्हणून ट्रीटमेंटमध्ये, म्हणजे व्हिडिओच्या लेखी आराखड्यात, पाच लोकेशन लिहिणारा दिग्दर्शक मला कल्पक वाटत नाही, त्याने वेळापत्रक मांडलेलं नाही एवढंच दिसतं. दोन जागा पुरे. प्रत्येक जागी पूर्ण गाणं वाइड, मिड आणि क्लोजमध्ये सलग घे, मग तुकडे. गायकाचे क्लोज सकाळी घे. संध्याकाळी चेहरा उतरलेला असतो.

कार्डाच्या दोन कॉपी तपासून झाल्याशिवाय ते फॉरमॅट होता कामा नये. करारात दुरुस्तीच्या फेऱ्या मोजून लिही, दोन पुरतात. निम्मे पैसे शूटिंगच्या आधी. हे मागायला संकोच वाटतो खरा, पण नंतर मागताना जास्त वाटतो.

आता सिनेमा. दोन नट, एक खोली, तीन पानांचा प्रसंग. संगीत नाही, आणि पहिल्यांदा तर कटही नाही. एकाच शॉटमध्ये तो प्रसंग उभा राहतो का बघ. गाण्यातून आलेले दिग्दर्शक इथे अडखळतात, कारण नटाला काय सांगायचं ते त्यांना माहीत नसतं. ते "अजून इंटेन्स" म्हणतात. नटाला करता येईल असं काही सांग: त्याला जाऊ देऊ नकोस, खोटं बोलतोयस ते लपव. मग तोच प्रसंग कट घेऊन कर आणि नजरेची दिशा सांभाळ. गाण्यात ती चुकली तरी कोणी विचारत नाही. संवादात चुकली की दोघं एकमेकांशी बोलतायत असं वाटतच नाही. साउंड रेकॉर्डिस्ट चांगला घे, वाटल्यास कॅमेरा साधा चालेल. प्रत्येक खोलीतली अर्धा मिनिट शांतता रेकॉर्ड करायला विसरू नकोस, तिच्यावाचून कटच्या जागी पार्श्वभूमीचा आवाज तुटतो.

असिस्टंट म्हणून एखादी फिल्म जरूर कर. सेट कसा चालतो ते तिथेच कळतं. पण त्या कामात वर चढत गेलं की माणूस फर्स्ट एडी, म्हणजे मुख्य सहायक दिग्दर्शक, होतो. दिग्दर्शन कोणी बढती म्हणून देत नाही, ते स्वतःची पटकथा घेऊन मागावं लागतं. निर्मात्याला शोरीलमधून, म्हणजे निवडक कामाच्या तुकड्यांतून, तुझी नजर दिसते, प्रसंग सांभाळता येतो का ते दिसत नाही. त्यासाठी एक लघुपट हवा, पूर्ण, संवाद असलेला. सोबत मोठ्या फिल्मची पटकथा तयार असू दे, कारण लघुपट आवडला तर पुढचा प्रश्न तोच असतो. पान म्हणजे साधारण मिनिट, या मापाने ती शंभर पानांच्या आसपास राहू दे, आणि छोट्या बजेटमध्ये दिवसाला चार पानं धरली तर पंचवीस दिवसांचं शूटिंग होतं, हे पहिल्या भेटीत सांगता आलं पाहिजे.

लघुपटाचं लिहून झालं की पाठव. बारा पानांच्या आत ठेव. पार्श्वसंगीताबद्दल त्यात एक ओळही नको.

कळावे.