बोंबा शिकताय? आधी ढोलाकडे बघा

बोंबा हा प्वेर्तो रिको या कॅरिबियन बेटावरचा ढोलाचा नाच शिकून स्थलांतरावर नृत्यरचना करायची, असं तुम्ही लिहिलंत. कल्पना मनापासून आवडली, पण ती थोडी थांबू दे. बोंबात नाचणारा ढोलामागे जात नाही, प्रिमो नावाचा ढोल नाचणाऱ्याच्या मागे येतो. खांदा झटकला, घागऱ्याचा घेर फेकला, की वादक त्याच क्षणी थाप देतो. म्हणून सुरुवातीला फक्त सिका हा एकच ताल धरा. बाकीचे नंतर.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- वादकाऐवजी आरशाकडे बघतात.
- सुरुवातीची ऐटदार फेरी आणि ढोलाला अभिवादन उरकून टाकतात.

उसाच्या मळ्यांवर गुलाम म्हणून राबलेल्या आफ्रिकनांनी हा नाच घडवला. प्वेर्तो रिकोतली गुलामगिरी १८७३ मध्ये संपली. न्यूयॉर्कमधले प्वेर्तो रिकन तो आजही जपतात. त्यांच्या नाचगाण्याच्या वर्तुळात आधी कोरस गा, बिनधास्त!