ट्रॉली मागं ओढते, मग ट्रॅक्टर जातो कसा?

प्रश्न : नववीतल्या मुलीला गतीचे नियम समजावताना मीच अडकलो. ट्रॅक्टर उसाच्या ट्रॉल्या ज्या बलानं पुढं ओढतो, तेवढ्याच बलानं ट्रॉल्या त्याला मागं ओढतात. मग बेरीज शून्यच की! तरी गाडी हलते कशी?
– एक पालक, पलूस

उत्तर : अडकलात ते योग्य ठिकाणी. सांगलीत मी ३१ वर्षं विज्ञान शिकवलं. पहिली काही वर्षं 'समान आणि विरुद्ध' एवढं फळ्यावर लिहून मीही पुढं सरकायचो.

गोची बेरजेत आहे. माझ्या पासबुकातून पाचशे गेले आणि तुमच्यात पाचशे जमा झाले, तर तुमची शिल्लक शून्य होते का? ही दोन बलंही दोन वेगळ्या खात्यांवर आहेत. एक ट्रॉल्यांवर, एक ट्रॅक्टरवर.

मुलीला खडूनं फक्त ट्रॉल्यांभोवती गोल काढायला सांगा; गोलातल्या वस्तूवर बाहेरून लागणारी बलं तेवढीच मोजायची. भरलेल्या दोन्ही मिळून २० टन धरू, आणि डांबरी रस्त्यावर चाकांना होणारा विरोध ४००० न्यूटन. हुकातून ट्रॅक्टरनं ८००० न्यूटननं ओढलं, की ४००० उरले. भागिले २०,००० किलो, म्हणजे वेग दर सेकंदाला ०.२ मीटर प्रति सेकंदानं वाढणार. ट्रॉल्याही ट्रॅक्टरला ८००० नंच मागं ओढतायत, पण ते बल या गोलात येतच नाही.

आता गोल ट्रॅक्टरभोवती. त्याला पुढं रेटतंय कोण? वर्गात हमखास उत्तर येतं, इंजिन. पण इंजिन तर गोलाच्या आतच बसलंय! ते चाकं फिरवतं. मोठी चाकं रस्त्याला मागं रेटतात आणि रस्ता घर्षणानं त्यांना पुढं रेटतो. हा रेटा हुकातल्या ओढीपेक्षा जास्त असला तरच गाडी जागची सुटते.

पटत नसेल तर पावसानंतर फडात जा. इंजिन तेच, ट्रॉल्या त्याच, पण चाकं जागेवर गरगरतात, कारण चिखलात पुरेसं घर्षण मिळत नाही. मग कुणी चाकाखाली पाचट टाकतं, कुणी दुसऱ्या ट्रॅक्टरचं टोचन लावतं. आणि गंमत म्हणजे, गाडी रुतलेली असतानाही हुकातली दोन्ही बलं तंतोतंत समानच असतात.

मग टोचनानं नेमकं काय बदललं? हे मात्र मी सांगणार नाही. मुलीला रुतलेल्या ट्रॅक्टरभोवती गोल काढू द्या.