आधी मोजणी, मग वर्गमूळ

नाशिक

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी वही काल रात्री सावकाश वाचली. भाताच्या संकराची चौथी पिढी, ४०० रोपे आणि त्यांत कक १७१, कख ५४, खख १७५ (क आणि ख हे एकाच जनुकाचे दोन प्रकार, म्हणजे अलील; प्रत्येक रोपात त्यांपैकी दोन असतात) ही नोंद तू इतकी नेटकी ठेवली आहेस की पुढचे पान उलटताना मला वाईट वाटले. तिथे तू खख रोपांचे प्रमाण ०.४३७५ घेऊन त्याचे वर्गमूळ काढलेस आणि ख या अलीलची वारंवारता ०.६६ लिहिलीस.

वर्गमूळाची मुळी गरजच नव्हती. डीएनए वेगळा करून दाखवणाऱ्या जेलवर कख रोपाचे दोन्ही पट्टे, वरचा आणि खालचा, स्वच्छ दिसतात. म्हणजे प्रत्येक रोपातले दोन्ही अलील तुझ्यासमोर उघडे आहेत आणि ते फक्त मोजायचे आहेत. ४०० रोपांत ८०० अलील. खख रोपांकडून ३५० ख आणि कख रोपांकडून ५४, मिळून ४०४. त्याला ८०० ने भागले की ०.५०५. क ची वारंवारता उरलेली ०.४९५. या मोजणीला कोणतेही गृहीतक लागत नाही.

वर्गमूळामागे मात्र मोठे गृहीतक दडलेले असते. केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी आणि जर्मन वैद्य वाइनबर्ग यांनी १९०८ मध्ये स्वतंत्रपणे मांडलेले प्रमाण, ज्यात खख चे प्रमाण म्हणजे ख च्या वारंवारतेचा वर्ग, यादृच्छिक संकर होणाऱ्या मोठ्या समष्टीसाठी, म्हणजे समूहासाठी, आहे, आणि त्यातही स्थलांतर, निवड व उत्परिवर्तन यांचा परिणाम नगण्य धरलेला असतो. भात तर स्वपरागित, म्हणजे स्वतःच्याच परागाने फळणारा. त्यात दर पिढीला विषमयुग्मी, म्हणजे कख सारखी दोन वेगळे अलील असलेली, रोपे साधारण निम्मी होत जातात, अलीलची वारंवारता मात्र निवड नसेल तर जागची हलत नाही. तुझे ०.६६ खरे धरले, तर कक रोपे सुमारे ४६ यायला हवी होती. तुझ्याच तक्त्यात ती १७१ आहेत. हा ताळा तू त्याच पानावर करून पाहायला हवा होतास.

आपल्या जिल्ह्यात हा विषय शेतातच शिकता येतो, म्हणून थोडे विषयांतर करतो. बियाण्यासाठी राखलेल्या कांद्याला गोंडे आले की त्यांवर मधमाश्या घोंघावतात. त्या फुलात पराग आधी पिकतो आणि स्त्रीकेसर नंतर, त्यामुळे परपरागणच अधिक होते आणि पुरेशी झाडे असतील तर हार्डी-वाइनबर्गचे प्रमाण तिथे बऱ्यापैकी जवळ येते. द्राक्षबागेत याच्या उलट चित्र असते. थॉम्पसनची काडी खुंटावर कलम केलेली असते, म्हणून एखाद्या जनुकाच्या स्थानी मूळ वेल विषमयुग्मी असेल तर बागेतली झाडून सारी झाडे विषमयुग्मीच असतात. अलीलची वारंवारता तिन्हीकडे ०.५ च्या आसपास असली, तरी कांद्यात विषमयुग्मी निम्मी, बागेत शंभर टक्के आणि तुझ्या भातात जेमतेम साडेतेरा टक्के. अलीलच्या वारंवारतेवरून जीनोटाइपची, म्हणजे कक, कख, खख या जोड्यांची, वारंवारता सांगायची, तर आधी संकर कसा होतो ते ठाऊक असावे लागते.

जिथे विषमयुग्मी आणि प्रभावी समयुग्मी (प्रभावी अलीलच दोनदा असलेले) डोळ्यांना सारखेच दिसतात, तिथे वर्गमूळाखेरीज उपाय नसतो हे मान्य. पण मग त्याच आकड्यांवर काय-वर्ग चाचणी (अपेक्षित आणि प्रत्यक्ष संख्यांतला फरक तपासणारी) लावून समष्टी समतोलात, म्हणजे हार्डी-वाइनबर्गच्या प्रमाणात, आहे असे लिहू नकोस. समतोल आधीच गृहीत धरलेला असतो, त्यामुळे तपासायला काही उरतच नाही. तुझ्यासारखे तिन्ही गट वेगळे मोजता आले तर ती चाचणी जरूर कर, मात्र डिग्री ऑफ फ्रीडम, म्हणजे स्वतंत्रपणे बदलू शकणाऱ्या संख्या, एकच धर, कारण वारंवारता त्याच नमुन्यावरून काढलेली असते.

एक शंका राहिली आहे. ज्या रोपांचा एकही पट्टा उमटला नाही ती तू खख मध्ये तर धरली नाहीस ना? धरली असतील तर ती रोपे वेगळ्या रकान्यात घे आणि भाजकातूनही वगळ. पुढचा तक्ता टक्केवारीत न देता थेट रोपांच्या संख्येत पाठव.

तुझा,
सर