नेमबाज एकाच कंपनीच्या रायफलला एवढे का चिकटून राहतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी १० मीटर एअर रायफल शिकतेय, क्लबमध्ये निम्मे लोक वॉल्थर या जर्मन कंपनीचे आणि निम्मे फाइनवर्कबाउ या दुसऱ्या जर्मन कंपनीचे (रेंजवर सगळे एफडब्ल्यूबीच म्हणतात), आणि दोन्ही बाजू दुसऱ्याच्या रायफलला नावं ठेवतात. खरंच एवढा फरक असतो की नुसता अभिमान?

फरक असतो, पण भांडण ज्यावरून चाललंय त्यात नसतो. मी बरीच वर्षं क्लबच्या रायफलींची देखभाल बघतोय, स्वतःही मारतो, आणि हे भांडण माझ्यासमोर दर शनिवारी होतं.

आधी अचूकतेचा विषय मिटवू. १० मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा. छर्ऱ्याची कड ठिपक्याला लागली की १०.० मिळतात, म्हणजे छर्ऱ्याचा मध्य केंद्रापासून अडीच मिलिमीटरपर्यंत सरकला तरी दहा हातचा जात नाही. या दर्जाची नवी रायफल घेतली की खोक्यात कारखान्याचं टेस्ट कार्ड येतं. रायफल घट्ट आवळून मारलेले पाच छर्रे, आणि कागदावर सगळ्यांचं मिळून एकच भोक, एका छर्ऱ्याच्या भोकाहून जेमतेम मोठं. वॉल्थरचं कार्ड असंच असतं, एफडब्ल्यूबीचं असंच, अँशुट्झ आणि स्टायर या दुसऱ्या कंपन्यांचंही असंच. उभ्या माणसाच्या खांद्यावर तीच रायफल श्वासासरशी याच्या कितीतरी पट हलते. तेव्हा "आमचीच जास्त अचूक" म्हणणाऱ्याला एवढंच विचारा की अचूक कुणाच्या हातात.

मग माणूस चिकटतो कशाला? पहिली गोष्ट म्हणजे पहिली मॅच रायफल, म्हणजे खास स्पर्धेची रायफल, कुणी निवडतच नाही. आपल्याकडे बहुतेक मुलं प्रीसिहोलसारख्या देशी रायफलीवर ओपन साइटने (नेम धरायच्या नळीवरच्या साध्या खाचेने) सुरुवात करतात, आणि बरी मारायला लागली की प्रशिक्षक क्लबच्या कपाटातली मॅच रायफल पुढे करतात. कपाटात जी असेल ती. कुणीतरी दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेली, दोन-तीन मुलांत वाटून वापरलेली. त्या पोराच्या आयुष्यातले पहिले सलग दहा तिच्यावर पडतात, आणि पुढे घरचे पैसे जमवतात तेव्हा त्याला तीच हवी असते. लग्नं जशी पूर्वी ठरायची तशी ही निष्ठा ठरते, पसंती मागाहून येते.

पण नुसत्या सवयीवर विषय सोडला तर अर्धंच उत्तर होईल. सगळं खरं ट्रिगरमध्ये आहे. एअर पिस्तुलाच्या ट्रिगरला निदान ५०० ग्रॅम वजनाची अट असते, एअर रायफलला अशी अट नाही. त्यामुळे रायफलचा ट्रिगर इतका हलका ठेवलेला असतो की नव्या माणसाचं बोट नुसतं टेकलं तरी छर्रा सुटतो. त्याचे दोन टप्पे असतात. पहिल्यात बोट अलगद मागे येतं, मग एक बारीकशी भिंत लागते, आणि त्या भिंतीवर किंचित दाब वाढला की शॉट जातो. पहिला टप्पा किती लांब, किती वजनाचा, भिंत किती ठळक, ट्रिगरची पट्टी किती पुढे, किती तिरपी, हे सगळं स्क्रूंवर बदलता येतं. चांगला नेमबाज भिंतीला टेकून थांबतो, आणि साइटमधलं चित्र जुळलं की बोट आपसूक जातं. "आता दाबतो" असं मनात आलं की उशीर झालेला असतो. हे आपसूकपण येण्यासाठी घरी भिंतीसमोर छर्ऱ्याशिवाय हजारो ड्राय शॉट मारावे लागतात.

आता याच माणसाच्या हातात दुसऱ्या कंपनीची रायफल द्या. ग्रॅम तेवढेच ठेवा, भिंत केसभर अलीकडे येईल किंवा तिचा पोत निराळा लागेल. चित्र जुळायच्या आधीच शॉट जातो. माणूस रायफल खाली ठेवतो आणि म्हणतो, "यांचा ट्रिगर बेकार." त्याचा अनुभव खरा असतो, निदान चुकीचं असतं. दोन-तीन महिने दिले तर बोट नवी भिंत शिकतं. पण स्पर्धेच्या मोसमात दोन-तीन महिने कोण देतो?

ट्रिगरखालोखाल सेटिंग. गालाखालचा चीकपीस, खांद्याला लागणारा बटप्लेट, ग्रिप, पुढच्या हाताखालचा ठोकळा, नळीवरची वजनं. यातली प्रत्येक गोष्ट वर-खाली, पुढे-मागे, तिरपी होते. जुन्या नेमबाजाच्या किटबॅगमध्ये सेटिंगची वही असते, त्यात प्रत्येक पट्टीवरचा आकडा तारखेनिशी. वाढत्या वयाची मुलं तर काही महिन्यांत कपड्यांसारखी सेटिंग बदलतात. दुसऱ्या कंपनीकडे गेलात की ती वही रद्दीत, कारण तिथल्या पट्ट्या वेगळ्या, शून्य वेगळ्या जागी.

५० मीटर थ्री पोझिशनमध्ये हे फार ठळक दिसतं. पॅरिसला २०२४ मध्ये आपल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं ज्या प्रकारात कांस्य घेतलं, तोच हा प्रकार. आधी गुडघ्यावर, मग पोटावर, मग उभं राहून. प्रत्येक पोझिशनला रायफलची सेटिंग बदलायची, आणि घड्याळ चालूच. कुठला स्क्रू किती फिरवायचा हे ज्याच्या बोटांना पाठ आहे, तो निव्वळ नव्या मॉडेलच्या रंगाला भुलून कंपनी बदलणार नाही.

मला मात्र याहूनही मोठं वाटणारं कारण मनातलं आहे. २०१३ पासून एअर रायफलच्या पात्रता फेरीतसुद्धा दशांशाने गुण मोजतात. ६० शॉट, ७५ मिनिटं. सरासरी १०.५ पडली तर ६३०, सरासरी १०.४ पडली तर ६२४. जागतिक पातळीवर ६३० च्या आसपास मारणारा फायनलची आशा धरू शकतो, ६२४ मारणारा बॅग आवरतो. आणि दोघांमधलं अंतर प्रत्येक शॉटमागे किती? ०.१ म्हणजे टार्गेटवर पाव मिलिमीटर. हा पाव मिलिमीटर कुठे गेला हे शोधायचं असतं. होल्ड ढिला पडला, जॅकेटचं एक बटण निराळं लागलं, छर्ऱ्यांचा डबा बदलला, झोप कमी झाली की रायफल बिघडली? या यादीतून एक नाव जरी कायमचं खोडता आलं तरी शोध सोपा होतो. नेमबाज खोडतो ते रायफलचं नाव. "ती चुकत नाही, मी चुकतो" असं एकदा ठरलं की सराव करता येतो. तो जेव्हा आपल्या कंपनीची बाजू इतक्या त्वेषानं घेतो तेव्हा खरं तर हा ठरवलेला विश्वास जपत असतो. तुम्ही त्याच्या रायफलवर शंका घेतलीत तर पुढच्या स्पर्धेत तिसाव्या शॉटला ९.८ पडल्यावर तीच शंका त्याच्या डोक्यात उगवणार, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून तो चिडतो.

प्रशिक्षकाचाही वाटा असतो. महाराष्ट्रात रायफल शिकवणाऱ्यांची परंपरा सलग आहे: संजय चक्रवर्तींकडे अंजली भागवत, सुमा शिरूर, दीपाली देशपांडे तयार झाल्या, पुढे दीपालीताईंनी स्वप्निलला घडवलं. अशा साखळीतून उभं राहण्याची पद्धत खाली उतरते, तसं यंत्राचं ज्ञानही उतरतं. क्लबच्या सरांना एका कंपनीच्या रायफलचं सील डोळे मिटून बदलता येत असेल तर ते पालकांना तीच सुचवणार. त्यात कमिशन शोधू नका, बहुतेक वेळा नसतं. रविवारी सकाळी हवा गळायला लागली आणि सोमवारी मॅच असली की हे ज्ञान सोन्याच्या मोलाचं ठरतं.

सिलिंडरचं गणित तर पालकांना कुणी सांगतच नाही. या रायफली दाबाच्या हवेवर चालतात, साधारण २०० बारपर्यंत भरलेल्या. सिलिंडरवर बनवल्याची तारीख कोरलेली असते, १० वर्षं झाली की तो बदलायचा, आणि मुदत पाहण्याची जबाबदारी नेमबाजाची. एका कंपनीचा सिलिंडर दुसरीला बसेलच असं नाही, भरायचा अडॅप्टरही वेगळा. ज्या क्लबच्या टाकीला चार वॉल्थरचे अडॅप्टर लटकलेत तिथे पाचवी रायफल वॉल्थरच येते. जुनी विकायची झाली तरी गिऱ्हाईक आधी त्याच क्लबमध्ये मिळतं.

थोडं विषयांतर. आज एकमेकींशी भांडणाऱ्या या कंपन्यांची मुळं गमतीदार आहेत. अँशुट्झ १८५६ ची, वॉल्थर १८८६ ची, आणि दोघींचं गाव एकच, जर्मनीच्या थुरिंगियातलं आजचं झेला-मेहलिस. दुसऱ्या महायुद्धानंतर तो भाग सोव्हिएत अंमलाखाली गेला, दोन्ही घराणी पश्चिमेकडे निघाली आणि दोघांनीही उल्म शहरात पुन्हा बस्तान बसवलं. एफडब्ल्यूबी ओबर्नडॉर्फची, म्हणजे मौझर या जुन्या बंदूक कंपनीच्या गावची, आणि उभी केली ती मौझरच्याच दोन जुन्या इंजिनिअरांनी, वेस्टिंगर आणि आल्टेनबर्गर यांनी. युद्धानंतर जर्मनांना बंदुका बनवायला बंदी होती, हवेच्या रायफली त्या मानाने लवकर मोकळ्या झाल्या, आणि बंदुका बनवणारं सगळं कसब तिकडे वळलं. एफडब्ल्यूबीच्या जुन्या ३०० मालिकेत स्प्रिंगचा धक्का खांद्याला लागू नये म्हणून शॉट सुटताना यंत्रणाच रुळांवर मागे सरकायची. ज्यांनी ती मारलीय ते आजही तिच्याबद्दल हळवे होतात. आणि १९९३ मध्ये वॉल्थर उमारेक्स या दुसऱ्या कंपनीनं विकत घेतली तरी वॉल्थरवाल्यांची निष्ठा तसूभर हलली नाही, कित्येकांना तर मालक बदलल्याचं माहीतही नाही.

वरच्या पातळीवर मात्र ही निष्ठा वेगळीच होते. ५० मीटरला पॉइंट टू टू ची गोळी लागते, आणि तिथे एकाच कारखान्यातल्या दोन नळ्यांनासुद्धा गोळ्यांचे वेगवेगळे लॉट (एका वेळी बनलेली खेप) आवडतात. म्हणून मोठे नेमबाज आपली नळी घेऊन एली किंवा लापुआ या गोळ्या बनवणाऱ्या कंपन्यांच्या चाचणी केंद्रावर जातात, तिथे ती आवळून लॉटमागून लॉट मारतात, आणि ज्याच्या गोळ्या सगळ्यात जवळजवळ लागतात त्याच लॉटच्या पेट्या उचलतात. अशा माणसाला कंपनीबद्दल विचारलंत तर तो फार उत्साहानं बोलणार नाही. त्याचा जीव एका विशिष्ट नळीत अडकलेला असतो, तिचा नंबर त्याला मोबाइल नंबरासारखा पाठ असतो. एअर रायफललाही छर्ऱ्याच्या डोक्याचं माप ४.४९ की ४.५० यावरून असंच चालतं, फक्त खर्च कमी.

विजेत्यांचं अनुकरण हे कारणही आहेच. कुणी पदक जिंकलं की त्या निळ्या किंवा लाल रायफलची चौकशी वाढते. पण विजेते ती का वापरतात हे पाहिलं तर बऱ्याचदा उत्तर इतकंच असतं की वर्ल्ड कपच्या रेंजवर त्या कंपनीचा मेकॅनिक हजर असतो. बर्फातल्या बायाथलॉनमध्ये (स्कीइंग आणि नेमबाजी मिळून होणारी शर्यत) बहुतेकांच्या पाठीवर अँशुट्झच दिसते, तिथेही तेच चक्र. सगळ्यांकडे ती आहे म्हणून सगळ्यांना ती दुरुस्त करता येते, आणि दुरुस्त करता येते म्हणून सगळे ती घेतात.

तुमच्या मुलीपुरतं सांगायचं तर रायफल इतक्यात घेऊ नका. काही लाखांचा मामला आहे. आधी जॅकेट, पँट, बूट, ग्लव्ह घ्या, कारण ते तिच्याच मापाचे लागतात, रायफल वाटून वापरता येते. दोन्ही कंपन्यांच्या रायफलींवर तिला काही आठवडे ड्राय करू द्या, पण प्रत्येक वेळी सेटिंग तिच्या मापाची करून. दुसऱ्याच्या सेटिंगवर दोन शॉट मारून दिलेल्या मताला अर्थ नाही. चीकपीस पुरेसा खाली येतो का, बटप्लेट पुरेसा आखूड होतो का, हे अंगानं लहान मुलींच्या बाबतीत ब्रँडपेक्षा आधी बघा. डावखुरी असेल तर निवड आपोआपच कमी होईल.

आणि राज्य स्पर्धा किंवा मावळणकर नेमबाजी स्पर्धा तोंडावर असताना काहीही बदलू नका. सेकंड हँड मिळत असेल तर चांगलंच, फक्त टेस्ट कार्ड मागा, सिलिंडरवरची तारीख वाचा, आणि मुदत संपत आली असेल तर नव्या सिलिंडरची किंमत सौद्यातून वजा करून मागा.