बारावीतल्या मुलाचा कॉलेजचा अर्ज आई-वडिलांनी भरावा का?

आपला प्रश्न असा आहे : मुलगा अमेरिकेत बारावीला गेला आहे, ऑगस्ट संपत आला तरी कॉमन ॲपच्या (एकाच अर्जाने अनेक कॉलेजांत प्रवेश मागण्याच्या ऑनलाइन सोयीच्या) खात्यात नाव-पत्त्यापलीकडे काही भरलेले नाही, विषय काढला की घरात भांडण होते आणि पासवर्ड आपल्याकडेच असल्यामुळे सगळा अर्ज स्वतः बसून भरून टाकावा, असे आपल्याला वाटू लागले आहे. तीन वर्षांपूर्वी माझ्या मुलीच्या वेळी मीही याच मनःस्थितीत होतो आणि काही अंशी तसे करूनही बसलो, म्हणून सविस्तर लिहितो.

अर्ज आपण भरू नये. मात्र ‘त्याचे तो बघेल’ म्हणून बाजूलाही होऊ नये, कारण या प्रक्रियेतला एक मोठा भाग सतरा वर्षांच्या मुलाच्या हातात नसतोच आणि नेमका तोच भाग आपल्यासारखे पालक शेवटपर्यंत बाजूला ठेवतात. तो भाग म्हणजे पैसा.

आपण गुणवत्ता यादीच्या पद्धतीत वाढलो. आधी प्रवेश मिळवायचा आणि मग फीची जुळवाजुळव करायची, हा क्रम आपल्या डोक्यात पक्का बसलेला असतो. इथे तो उलटा लावावा लागतो, कारण कॉलेजने जाहीर केलेले शुल्क आणि एखाद्या कुटुंबाला प्रत्यक्ष भरावी लागणारी रक्कम यांत पुष्कळ अंतर असू शकते आणि ते अंतर प्रत्येक कॉलेजात वेगळे असते. संघीय, म्हणजे केंद्र सरकारची, मदत स्वीकारणाऱ्या प्रत्येक कॉलेजला २०११पासून आपल्या संकेतस्थळावर नेट प्राइस कॅल्क्युलेटर (मदत वजा जाता आपल्याला किती भरावे लागेल याचा अंदाज देणारे साधन) ठेवणे बंधनकारक आहे. या आठवड्यात आपले टॅक्स रिटर्न समोर घेऊन यादीतल्या एकूण एक कॉलेजचा आकडा काढा. आपला स्वतःचा व्यवसाय असेल तर तो आकडा थोडा सैलच धरावा, पण अंदाज येण्यापुरता तो पुरेसा असतो.

फाफ्सा, म्हणजे संघीय मदतीसाठीचा अर्ज, साधारणपणे १ ऑक्टोबरच्या सुमारास खुला होतो आणि त्यात दोन वर्षांपूर्वीचे उत्पन्न धरले जाते. म्हणजे २०२६च्या ऑगस्टमध्ये कॉलेज सुरू होणार असेल तर २०२४चे. अनेक खासगी कॉलेजे त्याशिवाय सीएसएस प्रोफाइल हा मदतीसाठीचा दुसरा अर्जही मागतात आणि त्यात बरेच खोलवर विचारले जाते. एकाच वेळी दोन मुले कॉलेजात असली की फाफ्साच्या हिशेबात मिळणारी सवलत २०२४-२५पासून बंद झाली आहे, तेव्हा मोठ्या भावंडाच्या वेळचा अनुभव जसाच्या तसा लागू करू नका. आणि आपण अजून एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर व मुलगा एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर असेल, तर संघीय मदत त्याला मिळणार नाही. ती नागरिकांना, ग्रीन कार्डधारकांना आणि अशाच काही मोजक्या गटांना मिळते. राज्याच्या विद्यापीठात स्थानिक दराने शुल्क लागेल की नाही, हेही राज्यागणिक बदलते. हे प्रश्न मुलाने नव्हे, आपण कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयाला फोन करून विचारायचे आहेत.

हे सगळे झाले की, दरवर्षी आपण किती देऊ शकतो तो आकडा मुलाला स्वच्छ सांगा. आम्ही ते केले नाही, याची खंत मला आजही आहे. मुलीचे एका कॉलेजवर मन बसले होते आणि तिला तिथे अर्ली डिसिजनने अर्ज करायचा होता. अर्ली डिसिजनचा करार विद्यार्थ्यासोबत पालक आणि शाळेचा कौन्सेलरही सही करून मान्य करतात. प्रवेश मिळाला तर तिथेच जायचे आणि बाकीचे अर्ज मागे घ्यायचे, असे त्याचे बंधन असते. मदत अपुरी पडली तर त्यातून सुटता येते, पण दोन-चार कॉलेजांचे मदतीचे देकार शेजारी ठेवून तुलना करण्याची संधी जाते. बहुतेक ठिकाणी मुदत १ किंवा १५ नोव्हेंबर असते. आम्ही हिशेबाला बसलो ते ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात, आणि नाही म्हणावे लागले. “हे मला उन्हाळ्यात का नाही सांगितलंत?” एवढेच ती म्हणाली. माझ्याकडे उत्तर नव्हते.

आता निबंधाविषयी. कॉमन ॲपचा मुख्य निबंध जास्तीत जास्त ६५० शब्दांचा असतो. माझी मुलगी शनिवारी सार्वजनिक वाचनालयात पुस्तके लावायला जात असे आणि परत आलेल्या पुस्तकांत लोक खुणेसाठी ठेवून विसरलेले कागद जपून ठेवत असे : वाणसामानाच्या याद्या, बसची तिकिटे, एकदा दातांच्या दवाखान्याचे कार्ड. त्या कार्डामागे कोणीतरी पेन्सिलने बेरीज केली होती आणि ती चुकली होती. तिने ती सवयीने दुरुस्त केली आणि मग, आपली नव्हे म्हणून, स्वतःचा आकडा खोडून टाकला. निबंध याच कागदांवर होता. मला तो फार किरकोळ वाटला. एका रात्री ती झोपल्यावर मी तिचे गूगल डॉक उघडले आणि त्यात नेतृत्वगुण घातले, समाजाचे ऋण घातले, ज्ञानाच्या ओढीबद्दल एक भारदस्त परिच्छेद घातला. सकाळी पाहतो तो तिने जुनी प्रत परत आणली होती आणि समासात माझ्यासाठी एक ओळ लिहिली होती : “बाबा, मुलाखतीत कोणी यातलं काही विचारलं तर मी काय सांगू?”

तो निबंध तिने कागदांवरच ठेवला आणि तोच पाठवला. मी केले त्यात शहाणपणाचा प्रश्न तर आहेच, पण खरेपणाचाही आहे, कारण अर्ज पाठवताना ‘हे लेखन माझे स्वतःचे आहे’ असे विद्यार्थ्याने प्रमाणित करायचे असते. आपण लिहून दिले तर खोटे प्रमाणित करण्याची पाळी आपण मुलावर आणतो. आपण करण्यासारखे काम वेगळे आहे. मसुदा त्याला मोठ्याने वाचायला सांगावे आणि जिथे समजले नाही तिथे एवढेच विचारावे की पुढे काय झाले, तू तेव्हा काय केलेस. शुद्धलेखन अगदी शेवटी पाहावे.

आपला मुलगा काहीच लिहीत नाही, याचा अर्थ तो आळशी आहे असा घेऊ नका. कोऱ्या पानावर ‘स्वतःविषयी सांगा’ म्हटल्यावर भल्याभल्यांची लेखणी अडते, आणि त्यात आई-बाप दाराशी उभे असले की ती आणखी अडते. त्याला फोनवर ध्वनिमुद्रण सुरू करून खोलीत एकट्याने दहा मिनिटे बोलायला सांगून पाहा; लिहायला न धजणारी मुले बोलताना मोकळी होतात, आणि बोललेले उतरवून काढले की पहिला मसुदा हाती येतो.

उपक्रमांच्या यादीत मात्र आपला खरा उपयोग आहे. दहा नोंदी करता येतात आणि प्रत्येकीच्या वर्णनाला १५० अक्षरांची मर्यादा असते. नववीत त्याने कोणाला गणित शिकवले, कोणत्या सुटीत धाकट्या भावंडाला रोज सांभाळले, हे तो विसरलेला असतो आणि आपल्याला आठवते. घरची जबाबदारीही तिथे लिहिता येते, आणि लिहावी. शिफारसपत्रांसाठी त्याने शाळा उघडताच पहिल्या आठवड्यात दोन शिक्षकांना स्वतः जाऊन विचारावे. ती पत्रे पाहण्याचा हक्क सोडणार का, असे अर्जात विचारतात, तिथे सोडणे हाच प्रघात आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाचा अर्ज वेगळा असतो : आठांपैकी चार प्रश्नांना प्रत्येकी ३५० शब्दांपर्यंत उत्तरे द्यायची असतात आणि प्रवेश ठरवताना एसएटी या प्रवेश परीक्षेचे गुण धरलेच जात नाहीत. त्यामुळे तिथे अर्ज करणार असेल तर त्याचे वेळापत्रक निराळे मांडावे लागेल.

भांडणांवर आमच्या घरी लागू पडलेला उपाय असा, की या विषयावर फक्त गुरुवारी रात्री अर्धा तास बोलायचे ठरवले. त्या अर्ध्या तासात मुदतींचा तक्ता पाहायचा, अडले असेल ते विचारायचे आणि उठायचे. इतर दिवशी जेवताना मी तोंड मिटून ठेवले, आणि ते मला फार जड गेले. पण महिनाभरात ती आपणहून बोलायला लागली. पासवर्ड आपण आजच परत द्या आणि त्याला तो बदलायला सांगा. अठरा वर्षे पूर्ण झाली किंवा कॉलेज सुरू झाले की कायद्यानेच त्याच्या शैक्षणिक नोंदींवरचा हक्क त्याचा होतो. तेव्हा त्याच्या संमतीशिवाय आपल्याला गुणपत्रकही सहसा दाखवणार नाहीत.

निकालही त्यालाच उघडू द्यावेत. मुलीने पहिला नकार आमच्यापासून दोन दिवस दडवला होता. नकाराचे दुःख तिने पचवले होते, आमचे चेहरे बघण्याची तिला धास्ती होती. त्यानंतर कोणता निकाल कधी सांगायचा ते तिच्यावर सोडले.

प्रवेश स्वीकारण्याची मुदत बहुतेक ठिकाणी १ मे असते, आणि त्याआधी मदतीची पत्रे आली की पुन्हा आपले काम सुरू होते. त्या पत्रांत अनुदान आणि कर्ज बरेचदा एकाच यादीत, एकाखाली एक लिहिलेले असते आणि बेरीज सगळ्याची केलेली असते. कर्ज बाजूला काढा, केवळ अनुदान आणि शिष्यवृत्ती खर्चातून वजा करा, राहील त्याला चाराने गुणा आणि हे गणित मुलाला आपल्या शेजारी बसवून त्याच्याच हाताने करू द्या. उत्पन्नात अलीकडे घट झाली असेल तर कागदपत्रे जोडून फेरविचाराची विनंती कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयाला करता येते. ती मे उजाडण्याआधी करावी.